जुन्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटूवर लिहिताय? या चुका टाळा

विषय ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा, आपल्या ओळखीच्या सॉकरचा नव्हे. सर्वात मोठी चूक आधी. आकड्यांचा तक्ता जिथे सुरू होतो, तिथेच खेळाडूची कारकीर्द सुरू झाली असं समजू नका.

एका उत्साही लेखकाने मेलबर्नच्या एसेंडन क्लबच्या अल्बर्ट थरगूडवरचा लेख माझ्याकडे तपासायला पाठवला होता. शीर्षक 'उशिरा बहरलेला तारा'. जन्म 1874, पहिला सामना 1899, म्हणजे पंचविशीत पदार्पण; मग जिद्द, संयम, संधीची वाट वगैरे भरपूर मसाला. वाचून कपाळावर हात मारला. अहो, 1899 हे त्याचं व्हीएफएलमधलं (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग, आजच्या एएफएलचं जुनं रूप) पहिलं वर्ष, आणि ती लीगच मुळी 1897ला खेळायला लागली! त्याआधी मोठी स्पर्धा होती ती व्हीएफएची, म्हणजे व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनची, 1877पासूनची. गडी तिथे 1892 साली, अठराव्या वर्षी उतरला. 1892 ते 94 तिन्ही वर्षं एसेंडन विजेता, आणि 1893च्या एका हंगामात याचे 64 गोल. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलकडून खेळून आला. 'उशिरा बहरलेला' हा माणूस परतला तेव्हा मेलबर्न त्याला कधीपासून ओळखत होतं.

माझी सवय सांगतो. आधी कागदावर जन्मापासूनची वर्षं मांडतो आणि लीगच्या स्थापनेच्या वर्षाखाली लाल रेघ ओढतो. रेघेच्या वरचं, म्हणजे लीगच्या आधीचं सगळं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह'वर, जुन्या वर्तमानपत्रांत शोधायचं. फुकट आहे, पण वेळ खातं. दहा मिनिटांत लेख हवा असणाऱ्यांनी दुसरा विषय घ्यावा.

दुसरी चूक गुणांची. आज गोलला 6 आणि बिहाइंडला (चेंडू गोलच्या शेजारच्या खांबांमधून गेला तर) 1 गुण मिळतो, म्हणून 1893चे धावफलकही लोक सहाने गुणत बसतात. 1897च्या आधी निकाल फक्त गोलांवर लागायचा. बिहाइंड लिहून ठेवत, मोजत नसत. शिवाय मैदानावर एका बाजूला वीस खेळाडू असत, अठरा झाले ते 1899 साली. एवढ्या गर्दीतले 64 गोल आजच्या आकड्यांशेजारी ठेवून 'बरे आहेत' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

तिसरी चूक: क्रिकेटपटू टॉम विल्सने एकट्याने हा खेळ शोधला, असं लिहू नका. मे 1859मध्ये मेलबर्नला नियम लिहायला त्याच्यासोबत हॅमर्स्ली, थॉम्पसन आणि स्मिथही बसले होते.

आणि थरगूडच्या नावावर नेहमी सांगितली जाणारी 107 यार्डांची किक? चेंडू जमिनीवर ठेवून मारलेली होती. तेवढं नमूद करा आणि 'चालू सामन्यात' हे शब्द खोडा.