फार्महाऊसच्या तलावाचा मातीचा बांध: पावसाआधीची पाहणी

मे महिन्यात बाहेरच्या उतारावरचे गवत कापा आणि पायथ्याने सावकाश चालत जा. कुठे पाझर दिसला तर १० लिटरची बादली लावा. ती किती सेकंदांत भरते ते तलावाच्या पातळीसह लिहून ठेवा. नितळ, न वाढणारा पाझर एकवेळ चालेल. गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहतेय. तिथे चिकणमाती थापू नका, पाणी दुसरीकडून वाट काढेल. आधी वाळू, तिच्यावर खडी पसरा, पातळी हळूहळू उतरवा आणि अभियंत्याला लगेच बोलवा.

मासे अडवायला सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर, लावलेली जाळी (हौस दांडगी!) काढाच. पालापाचोळ्याने ती तुंबते, पाणी माथ्यावरून जाते आणि मातीचा बांध ते सोसत नाही.