सेल्फला नुसतं ‘कट-कट’: चार्जरच्या स्टार्ट मोडवर गाडी कशी चालू झाली

तीन आठवडे पावसात उभी राहिलेली पेट्रोल गाडी. किल्ली फिरवली की डॅशबोर्डचे दिवे मंदावायचे आणि नुसतं कट-कट. मल्टिमीटरवर बॅटरी 11.8 व्होल्ट, भरलेली असली तर 12.6 च्या आसपास दाखवते.

धक्का मारून झाला. बॅटरी चार्जर जोडून लगेच ‘स्टार्ट’ मोडवर (सेल्फ मारताना थोडा वेळ जास्त करंट देणारा मोड) सेल्फ मारला, तरी तेच. दोन सकाळी यातच गेल्या, रडकुंडीला आलो.

मग टॉर्च लावून पाहिलं. प्लसच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर, स्क्रू ड्रायव्हरने खरवडला की भुगा पडत होता. चार्जरच्या वायरचा चिमटा त्या थरावरच बसत होता. करंट जाणार कुठून?

हातमोजे घालून आधी काळी वायर सोडली, मग लाल. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासलं, कोरडं केलं. बसवताना लाल आधी, काळी नंतर, नट घट्ट. चार्जर बंद ठेवूनच लाल चिमटा प्लसवर लावला आणि काळा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर. हे अजिबात टाळू नका: चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्याजवळ नको. 10 अँपिअरवर 20 मिनिटं, मग स्टार्ट मोड. सेल्फ 3 सेकंदच. नाही लागली. 3 मिनिटं थांबलो, दुसऱ्यांदा लागली!

चार्जर बंद, प्लग बाहेर, आधी काळा चिमटा, मग लाल. चालू इंजिनवर 14.2 व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) ठीक. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर मात्र यातलं काहीही करू नका, ती बदलाच.