नेट गेलं की सर्व्हरमध्ये लॉगिन का अडतं? होस्टनेमच्या या चुका टाळा

कापसाचा हंगाम लागला की पांढरकवडा-वणी पट्ट्यातल्या जिनिंगमधून एकाच धाटणीचे फोन सुरू होतात. "भाऊ, सर्व्हर बंद पडला वाटते. लॉगिनच होऊन नाही राह्यलं जी." बंद काहीच पडलेलं नसतं. वजनकाट्याच्या पावत्या निघत असतात, डिस्कचा दिवा लुकलुकत असतो, पिंगला उत्तर येतं. फक्त एसएसएचनं, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरमध्ये शिरायच्या प्रोग्रामनं, आत जायला गेलं की स्क्रीन जागच्या जागी थांबते. पासवर्ड विचारायलाच अर्धं मिनिट जातं, कधी कनेक्शन मध्येच तुटतं. तिकडे फाटकावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, म्हणून कोणीतरी घाईनं सर्व्हरचं बटण दाबून मोकळा होतो.

हे बटण दाबणं सगळ्यात महागात पडतं. सर्व्हर कुठल्यातरी होस्टनेमच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनच्या नावाच्या, शोधात अडकलेला असतो. रिबूट झाल्यावर तो पुन्हा त्याच शोधात अडकतो. वरून चालू डेटाबेस मध्येच तुटल्यामुळे आणखी एक काम मागे लागतं, आणि अडकण्याच्या वेळचा मागमूस पुसला जातो तो वेगळाच.

आधी ठरवा, कोण कोणाचं नाव शोधतंय

नावाचा शोध दोन्ही बाजूंनी होतो. तुम्ही नाव टाकून सर्व्हर गाठता तेव्हा तुमचं मशीन सर्व्हरचा पत्ता शोधतं. तुम्ही पोचलात की सर्व्हर तुमच्या आयपी पत्त्यावरून तुमचं नाव शोधू शकतो. या दोन शोधांची गल्लत झाली की माणूस भलत्याच मशीनवर फाइली उघडून बसतो.

फरक ओळखणं सोपं आहे. 'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम' असा संदेश आला तर दोष तुमच्या बाजूला. सर्व्हरपर्यंत तुम्ही पोचलेलाच नाहीत. नावाऐवजी थेट आयपी टाकून लगेच आत गेलात तरी तोच निष्कर्ष. पण आयपी टाकूनही तसंच थांबत असेल, आणि एसएसएचला 'व्ही' हा प्रत्येक पायरी छापून दाखवणारा पर्याय लावल्यावर 'कनेक्शन एस्टॅब्लिश्ड' ही ओळ येऊन पुढे गाडी अडत असेल, तर बहुतेक वेळा सर्व्हर तुमचं नाव शोधत बसलेला असतो. एक अपवाद लक्षात ठेवा. 'व्ही'च्या ओळींमध्ये 'जीएसएसएपीआय' (ओळख पटवायची एक वेगळी पद्धत) दिसून तिथेच थांबत असेल, तर तुमच्याच मशीनवर जीएसएसएपीआय ऑथेंटिकेशन बंद करून पाहा. डेबियन आणि उबुंटू या लिनक्समध्ये क्लायंटच्या, म्हणजे तुमच्या, बाजूनं ते चालूच येतं, आणि तेही नावं शोधायला जातं.

आतल्या आत लॉगिन, तरी बाहेरच्या नेटवर अवलंबून

आपल्या भागातलं खरं दुखणं हे आहे, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ऑफिसमधला संगणक आणि सर्व्हर एकाच स्विचला जोडलेले असतात. दोघांचे पत्ते १९२.१६८ नं सुरू होणारे, म्हणजे खासगी. मग रस्त्याच्या कामात फायबर तुटली, तर आतल्या लॉगिनला अडायचं कारण काय?

कारण सर्व्हरच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलमध्ये नेमसर्व्हर (नावं-पत्ते सांगणारं मशीन) म्हणून फक्त ८.८.८.८, म्हणजे बाहेरचा गूगलचा, लिहिलेला असतो. नेट चालू असेल तेव्हा सर्व्हर विचारतो, "या खासगी पत्त्याचं नाव काय?" बाहेरून क्षणात उत्तर येतं, "असं नाव नाही." 'नाही' हेही उत्तरच असल्यामुळे सर्व्हर पुढे जातो आणि कोणाला काही जाणवत नाही. फायबर तुटली की 'नाही' म्हणायलाही तिकडे कोणी उरत नाही. लिनक्सचा रिझॉल्व्हर, म्हणजे नाव शोधणारा भाग, ठरल्याप्रमाणे ५ सेकंद थांबतो आणि एकूण २ वेळा विचारतो. म्हणजे एका शोधाला साधारण १० सेकंद. नेमसर्व्हर दोन-तीन असतील, एकाच लॉगिनमध्ये हा शोध पुन्हा पुन्हा होत असेल, तर तेवढा वेळ वाढत जातो. एसएसएच सर्व्हर लॉगिन पुरं व्हायला मुळात १२० सेकंद देतो. शोधातच ते संपले तर कनेक्शन तुटणारच.

यावर माझं मत पक्कं आहे: ज्या गावात नेट दिवसातून कधीही जातं, तिथं आतलं लॉगिन बाहेरच्या नेमसर्व्हरवर टांगून ठेवू नये. ऑफिसमध्ये पाच-सात मशीन असतील तर सगळ्यांचे पत्ते आणि नावं सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये लिहा. मशीन जास्त असतील तर आतच एखाद्या छोट्या संगणकावर डीएनएसमास्क हा छोटा नेमसर्व्हर चालवा आणि सर्व्हरला आधी त्यालाच विचारायला लावा. रिझॉल्व्हरच्या पर्यायांमध्ये 'टाइमआउट' आणि 'अटेम्प्ट्स' दोन्ही १ वर आणले तर नेट नसताना थांबणं पुष्कळ कमी होतं. पण हा तात्पुरता उपाय झाला. तेवढ्यावर थांबू नका.

'यूजडीएनएस नो' डोळे मिटून टाकू नका

या तक्रारीवर जो तो सांगतो: सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये यूजडीएनएस 'नो' करा, म्हणजे एसएसएच येणाऱ्याचं नाव शोधणार नाही. सल्ला बरोबर आहे. ओपनएसएसएच या नेहमीच्या एसएसएच सर्व्हरच्या ६.८ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, मूळ सेटिंग 'नो'च आहे. पण जिनिंगच्या कोपऱ्यात अजून सेंटओएस ६ वरचं जुनं मशीन धूळ खात चालू असतं, आणि तिथे ते 'येस' असतं. फाइल वाचून अंदाज बांधू नका. रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) म्हणून एसएसएचडीला, म्हणजे एसएसएचच्या सर्व्हरवरच्या प्रोग्रामला, मोठा 'टी' लावून चालवा. प्रत्यक्षात कोणती सेटिंग लागू आहे ते तो ओळीओळीनं छापतो.

बदल करण्याआधी ऑथराइज्ड कीज फाइल (पासवर्डऐवजी चालणाऱ्या कीजची यादी) उघडून पाहा. तिथे एखाद्या कीच्या पुढे 'फ्रॉम' लावून मशीनचं नाव दिलेलं असेल, तर यूजडीएनएस 'नो' केल्यावर ती की चालणार नाही, कारण मग तुलना फक्त आयपी पत्त्याशी होते. 'मॅच होस्ट'च्या ओळींचंही तेच. आधी तिथे नावाच्या जागी पत्ते लिहा, मगच सेटिंग बदला. नाहीतर जो मंद का होईना आत येत होता, तो पुरता बाहेर राहतो.

होस्ट्स डॉट डिनाय मधली विसरलेली ओळ

थांबणं नाही, वाट पाहणं नाही, सरळ 'कनेक्शन क्लोज्ड' किंवा 'कनेक्शन रिसेट' येतं, तेव्हा टीसीपी रॅपर्सकडे, म्हणजे कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या जुन्या पहारेकऱ्याकडे, बघा. होस्ट्स डॉट डिनाय फाइलमध्ये 'ऑल: पॅरानॉइड' अशी ओळ असेल, तर ज्याचं नाव आणि पत्ता एकमेकांशी जुळत नाही त्याला सर्व्हर आत घेत नाही. ओपनएसएसएचनं २०१४ मध्ये ६.७ आवृत्तीपासून रॅपर्सचा आधार काढून टाकला, म्हणून पुष्कळ जण ही फाइल तपासतच नाहीत. पण डेबियन आणि उबुंटूनं तो आपल्या बाजूनं जोडून ठेवला आहे. सर्व्हरच्या ऑथ लॉगमध्ये होस्टनेम पडताळता आलं नाही अशी तक्रार दिसली की गुन्हेगार सापडला. ओळ उडवण्यापेक्षा होस्ट्स डॉट अलाउ मध्ये आपल्या ऑफिसची पत्त्यांची रेंज द्या. तिथेही नावं नकोत, आकडेच.

नाव सापडलं, पण मशीन दुसरंच

वीज गेली, आली, राउटरनं पत्ते नव्यानं वाटले. सर्व्हरचा जुना पत्ता आता सीसीटीव्हीच्या डीव्हीआरकडे गेला. तुमच्या होस्ट्स फाइलमध्ये मात्र 'कांटासर्व्हर' या नावापुढे जुनाच आकडा. लॉगिन केलं की 'कनेक्शन रिफ्यूज्ड', किंवा मोठ्या अक्षरांत इशारा: 'रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड'. इथे बहुतेक जण नोन होस्ट्स (ओळखीच्या सर्व्हरची यादी) मधली ओळ काढून टाकतात आणि परक्या मशीनला पासवर्ड देऊन बसतात. तसं करू नका. आधी पत्ता कोणाचा आहे ते बघा. सर्व्हरला राउटरमध्ये कायमचा पत्ता बांधून द्या, आणि होस्ट्स फाइलमध्ये एका नावाची एकच ओळ ठेवा, आधी पत्ता, मग नाव.

नाव तपासायला डिग किंवा एनएसलुकअप वापरणं ही अशीच फसवी सवय. ही दोन्ही साधनं थेट नेमसर्व्हरला विचारतात. होस्ट्स फाइलकडे आणि नाव आधी कुठे शोधायचं हे ठरवणाऱ्या एनएसस्विच डॉट कॉन्फ मधल्या क्रमाकडे बघतही नाहीत. लॉगिन करणारा प्रोग्राम मात्र तो क्रम पाळतो. म्हणून 'गेटएंट होस्ट्स' आणि पुढे नाव किंवा पत्ता, असंच विचारा. डिगचं उत्तर एक आणि गेटएंटचं दुसरं आलं, तर होस्ट्स फाइल किंवा एनएसस्विचचा क्रम, यातच घोळ आहे. तिथल्या होस्ट्सच्या ओळीत 'फाइल्स' हा शब्द 'डीएनएस'च्या आधी हवा.

छोट्या, पण दिवस खाणाऱ्या गोष्टी

रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ हातानं बदलली आणि सकाळी पुन्हा जुनीच दिसली, तर नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-रिझॉल्व्हड ती फाइल स्वतः लिहितोय. त्यात १२७.०.०.५३ दिसलं तर दुसरा. बदल त्यांच्याच सेटिंगमध्ये करावा लागतो.

रूटला नावं सापडतात आणि बाकीच्यांना नाही? रिझॉल्व्ह डॉट कॉन्फची परवानगी बघा, ६४४ (सगळ्यांना वाचता येईल अशी) हवी.

सिमवर चालणाऱ्या स्वस्त राउटरचा एक त्रास वेगळा सांगायला हवा. लिनक्स आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या दोन्ही प्रकारच्या पत्त्यांची चौकशी एकदमच पाठवतो. काही राउटर त्यातल्या एकालाच उत्तर देतात. मग नेट चांगलं असतानाही प्रत्येक शोधाला नेमके ५ सेकंद लागतात. असं ठरावीक थांबणं दिसलं तर रिझॉल्व्हरच्या पर्यायांत 'सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन' टाकून बघा.

आणि सर्व्हर तालुक्याच्या पलीकडे असेल, तर एसएसएचची सेटिंग बदलताना चालू असलेलं लॉगिन बंद करू नका. एसएसएचडीला छोटा 'टी' लावून फाइल तपासा, मग रीलोड करा, आणि दुसऱ्या खिडकीतून नव्यानं आत जाऊन बघा. तिथून आत शिरता आलं तरच पहिली खिडकी मिटा.

ही सगळी तपासणी दसऱ्याच्या आसपास, काट्यावर पहिली गाडी लागायच्या आधी करून घ्या. राउटरमधून बाहेरच्या नेटची तार काढा आणि ऑफिसच्या प्रत्येक मशीनवरून सर्व्हरमध्ये लॉगिन करा. जिथे दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबावं लागलं, त्या मशीनचं नाव-पत्ता सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये आहे का ते तेव्हाच पाहा, आणि मगच तार परत लावा.