लोहकीस आणि होकायंत्र घेऊन चुंबकीय बलरेषा कशा काढायच्या

पुस्तकातल्या त्या वळणदार रेषा पाठ करण्यापेक्षा एकदा स्वतः काढून बघा. पट्टी चुंबक टेबलावर ठेवा, त्यावर ड्रॉइंग पेपर आणि वरून लोहकीस अगदी पातळ भुरभुरवा (मीठदाणीतून छान पडतो). मग कागदाला हलकेच टिचक्या मारा, कारण घर्षणामुळे कण अडकून बसतात, जरा उडाले की प्रत्येक कण छोटासा चुंबक होऊन क्षेत्राच्या दिशेत वळतो. चुंबकाला थेट कीस लागू देऊ नका, काढता काढता जीव जातो.

पण कीस बाणाची दिशा सांगत नाही, त्यासाठी छोटं होकायंत्र हवं. ते उत्तर ध्रुवाजवळ ठेवा, सुईच्या दोन्ही टोकांशी ठिपके द्या, मग होकायंत्र असं पुढे सरकवा की सुईचं मागचं टोक आधीच्या पुढच्या ठिपक्यावर येईल, असं करत करत दक्षिण ध्रुवापर्यंत जा आणि ठिपके जोडा. मोबाइल, स्पीकर लांबच ठेवा हां.

रेषा एकमेकींना कधीच छेदत नाहीत, छेदल्या तर त्या जागी सुईने दोन दिशा दाखवायच्या का? जिथे दाट तिथे जोर जास्त. आणि त्या दक्षिण ध्रुवाशी संपत नाहीत, चुंबकाच्या आतून परत उत्तर ध्रुवाकडे जातात, हे बरेच जण विसरतात. दोन रेषांच्या मधेही क्षेत्र असतंच. चुंबकापासून फार लांब गेलात की सुई पृथ्वीचं ऐकायला लागते.