बॅबिलॉन ५ पाहायला घेताना: प्रत, क्रम आणि टीव्हीची सेटिंग

"चार भाग पाहिले, कंटाळा आला, सोडून दिली." अंतराळस्थानकावर घडणाऱ्या 'बॅबिलॉन ५' या विज्ञानकथा मालिकेबद्दल हे मत हमखास ऐकू येतं. त्यात चूक काही नाही, कारण चौथा भाग खरोखरच वाईट आहे. पण मालिका नव्वदच्या दशकातली, तिच्या प्रती दोन-तीन तऱ्हेच्या आणि सोबतचे टीव्ही-चित्रपट भलत्याच क्रमाने आलेले. त्यामुळे ती आवडली नाही असं म्हणणारे बरेच जण मुळात तिचा बिघडलेला अवतार पाहून बसलेले असतात.

आधी आवाका लक्षात घ्या. पाच सीझन, प्रत्येकी २२ भाग, एकूण ११०. पहिलं प्रसारण जानेवारी १९९४ ते नोव्हेंबर १९९८. भाग साधारण ४४ मिनिटांचा, म्हणजे जवळपास ८० तासांचं काम. रोज दोन भाग पाहिले तर दोन महिने लागतात. मालिकेचे कर्ते जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी पाच वर्षांची एकच कथा आखून ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. तिसरा आणि चौथा सीझन तर संपूर्ण त्यांचाच. म्हणून मधलाच एखादा गाजलेला भाग चाखून बघण्यात अर्थ नाही. तिसऱ्या सीझनमधल्या 'सेव्हर्ड ड्रीम्स'ला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळालाय खरा, पण आधीचे दोन सीझन पाहिलेले नसतील तर तो नुसता गोळीबार वाटेल.

कोणती प्रत

चित्रपटासारखी रुंद, पडदाभर पसरलेली प्रत दिसली की ती चांगली असणार असं आपण धरून चालतो. इथे नेमकं उलटं आहे. कलाकारांचं चित्रीकरण पुढेमागे रुंद चौकटीत दाखवता येईल अशा बेताने फिल्मवर झालं होतं. पण अंतराळयानांची संगणकीय दृश्यं मात्र त्या वेळच्या टीव्हीपुरती, ४:३ चौकटीत तयार झाली. सुरुवातीच्या सीझन्सची दृश्यं फाउंडेशन इमेजिंग या कंपनीने लाइटवेव्ह सॉफ्टवेअरवर केली. सुरुवात अमिगा संगणक आणि व्हिडिओ टोस्टर यांच्या जोरावर झाली होती. पुढे डीव्हीडीसाठी सगळं १६:९ करताना ही दृश्यं वरून-खालून कापून ताणली गेली. परिणाम असा: दोन पात्रं स्वच्छ चित्रात बोलत असतात, मागे खिडकीतलं अंतराळ आलं की तेवढ्यापुरतं चित्र एकदम मऊ, दाणेदार होतं, आणि पुढच्या शॉटला पुन्हा लख्ख. दोन दृश्यं एकमेकांत विरघळतानाही तेच. डोळ्याला एकदा हे खटकलं की दुसरं काही दिसत नाही.

२०२१च्या सुरुवातीला आलेली रीमास्टर केलेली प्रत ४:३ आहे. कलाकारांची दृश्यं मूळ फिल्मवरून नव्याने स्कॅन केलेली आहेत आणि अंतराळातली दृश्यं फक्त मोठी केलेली आहेत, त्यामुळे ती थोडी मऊ दिसणारच. तरी चित्र एकसंध राहतं. हीच प्रत डिसेंबर २०२३मध्ये ब्लू-रेवर आली. ओळखायची खूण सोपी: डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या असतील तर बहुधा नवी प्रत, पडदा भरलेला असेल तर डीव्हीडीची. डीव्हीडीच घ्यायची असेल तर रीजन, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरसाठी आहे तो क्रमांक, तपासा. भारत रीजन ५ मध्ये येतो, अमेरिकी संच रीजन १ चे आणि ब्रिटिश २ चे. साध्या प्लेअरवर ते चालतीलच असं नाही.

टीव्हीवर काय बंद करायचं

काळ्या पट्ट्या घालवायला 'झूम' किंवा 'स्ट्रेच' करू नका. झूममध्ये वरची डोकी कापली जातात, स्ट्रेचमध्ये चेहरे फुगतात. शंका असेल तर पडद्यावर ग्रह येईपर्यंत थांबा. तो अंडाकृती दिसला तर सेटिंग चुकलेलं आहे.

दुसरं म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय. सॅमसंगमध्ये ती 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीमध्ये 'ट्रूमोशन', सोनीमध्ये 'मोशनफ्लो' या नावाने सापडेल. ती बंद करा. सेकंदाला २४ चौकटींच्या फिल्ममध्ये टीव्ही मनाने चौकटी भरतो आणि आधीच तुटपुंज्या बजेटचे सेट अगदी पुठ्ठ्याचे दिसायला लागतात. 'पुठ्ठ्याचे सेट' या तक्रारीतला अर्धा वाटा या बटणाचा आहे. उरलेला अर्धा खराच. शार्पनेस इतका उतरवा की श्रेयनामावलीतल्या अक्षरांभोवतीची पांढरी कड नाहीशी होईल. वीज वाचवणारा इको मोडही बंद ठेवा, नाहीतर स्थानकाच्या अंधाऱ्या खालच्या भागातली दृश्यं चाचपडत पाहावी लागतील. डीव्हीडी लॅपटॉपवर लावून हलत्या कडांवर आडव्या रेघा दिसल्या तर व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस चालू करा.

क्रम

सुरुवात 'द गॅदरिंग' या १९९३च्या पायलटपासून, म्हणजे मालिकेआधीच्या चाचणी-चित्रपटापासून. तो संथ आहे. त्यातले डॉक्टर आणि उपप्रमुख पुढे दिसतच नाहीत, मिनबारी या परग्रहवासीयांची राजदूत डिलेन हिचा मेकअपही वेगळा आहे. तरी पाहा, कारण स्थानकाचा प्रमुख कमांडर सिंक्लेअर याच्या आठवणीतले चोवीस तास हरवलेत ही गोष्ट इथे पेरलेली आहे आणि पहिल्या सीझनचा आठवा भाग त्यावरच उभा आहे. फार तर तो आठवा भाग लावण्याआधी पायलट उरकून घ्या.

खरी फसगत 'इन द बिगिनिंग' या टीव्ही-चित्रपटाने होते. नावात आरंभ, कथाही मालिकेच्या आधीच्या पृथ्वी-मिनबारी युद्धाची, म्हणून लोक तोच आधी लावतात. पण तो जानेवारी १९९८चा आहे. मिनबारींनी जिंकत आलेलं युद्ध अचानक का थांबवलं, हे कोडं मालिका पहिला अख्खा सीझन जपून ठेवते आणि हा चित्रपट दीड तासात सांगून टाकतो. चौथा सीझन संपल्यावरच पाहा. 'थर्डस्पेस' हा चित्रपट चौथ्या सीझनच्या आठव्या भागानंतर बसतो. नाही पाहिला तरी काही बिघडत नाही.

स्पॉइलरचं दुसरं ठिकाण म्हणजे अॅपवरची छायाचित्रं आणि भागांची वर्णनं. पहिला सीझन चालू असताना पुढच्या सीझन्सच्या यादीत डोकावू नका. पात्रांची नावं गूगलवर टाकू नका. एका मुख्य पात्राबद्दल तर नुसता फोटोच घात करतो. शीर्षकगीत वगळायचं बटण मात्र प्रत्येक सीझनच्या पहिल्या भागाला तरी दाबू नका. निवेदन दर सीझनला बदलतं आणि वारं कुठे फिरलंय ते त्यात कळतं.

पहिला सीझन कसा काढायचा

चौथा भाग 'इन्फेक्शन' सोडून द्या. चित्रीकरण सर्वांत आधी याचंच झालं होतं आणि ते जाणवतं. शेवटची काही मिनिटं, सिंक्लेअरची मुलाखत, तेवढी पाहा. चौदावा 'टीकेओ' म्हणजे परग्रहवासीयांची मुष्टियुद्धाची स्पर्धा. ती पळवा, पण मालिकेतली उपप्रमुख इव्हानोव्हा आणि तिच्या वडिलांबद्दलचा धागा पळवू नका. 'द क्वालिटी ऑफ मर्सी' हा एकविसावा भाग भरतीचा वाटतो, पण त्यातलं यंत्र चौथ्या सीझनच्या शेवटाकडे परत येतं. बाकी सगळं क्रमाने.

निर्णय तेराव्या भागानंतर घ्या, त्याआधी नको. 'साइन्स अँड पोर्टेंट्स'मध्ये मॉर्डेन नावाचा एक नीटनेटका, हसतमुख माणूस स्थानकावर येतो आणि एकेका राजदूताला गाठून एकच विचारतो: तुला काय हवंय? नार्न लोकांचा राजदूत जी'कार याला शत्रूचा, म्हणजे सेंटॉरींचा, नायनाट हवा असतो. त्यानंतर काय, यावर त्याच्याकडे उत्तर नसतं. सेंटॉरींचा राजदूत लोंडो आधी टाळतो, चिडतो आणि मग त्याच्या तोंडून साम्राज्याच्या गतवैभवाची हाव बाहेर पडते. मॉर्डेन शांतपणे ऐकून घेतो. पुढच्या चार वर्षांतलं बहुतेक दुःख या एका उत्तरातून निघतं. वरवर विनोदी, दारूबाज वाटणारा लोंडो कर्णाच्या जातीचा आहे: बाजू चुकली हे त्याला इतर कोणाहीपेक्षा आधी कळतं. पीटर ज्युरासिक (लोंडो) आणि अँड्रियास कात्सुलास (जी'कार) हे दोघं मालिकेचा कणा आहेत. हा भाग पाहूनही त्यांच्याबद्दल कुतूहल वाटलं नाही तर खुशाल थांबा, मालिका तुमच्यासाठी नाही.

विज्ञानाच्या बाजूने पाहणाऱ्यांनी स्थानकाचं फिरणं लक्षात घ्यावं. इथे वजन फिरण्यातून येतं. सुमारे ४०० मीटर त्रिज्येच्या नळकांड्याला पृथ्वीइतकं वजन द्यायला मिनिटाला दीड फेरा पुरतो. स्टारफ्युरी ही लढाऊ यानं विमानासारखी वळत नाहीत. वेग तसाच ठेवून जागच्या जागी गिरकी घेतात आणि पाठलाग करणाऱ्यावर मागे तोंड करून गोळ्या झाडतात. निर्वात पोकळीत धडामधूम आवाज मात्र येतातच. तेवढं पोटात घाला.

पुढे कुठे अडखळाल

दुसऱ्या सीझनला सिंक्लेअर जाऊन शेरिडन हा नवा प्रमुख येतो. सिंक्लेअर साकारणारे मायकेल ओ'हेअर यांना मानसिक आजारामुळे मालिका सोडावी लागली. ही गोष्ट स्ट्रॅझिन्स्की यांनी ओ'हेअर यांच्या २०१२मधल्या निधनानंतरच उघड केली. सिंक्लेअरची कथा लटकत राहत नाही. तिसऱ्या सीझनच्या १६ आणि १७ क्रमांकाच्या भागांआधी पहिल्या सीझनचा विसावा, 'बॅबिलॉन स्क्वेअर्ड', पुन्हा लावा. मग ते दोन भाग सलग पाहा, मध्ये रात्र जाऊ देऊ नका.

चौथा सीझन धावतो, कारण पाचवा मिळेल की नाही याची खात्री नव्हती. कथा आवरती घेतली गेली आणि मग टीएनटी वाहिनीने पाचवा सीझन घेतला. म्हणून पाचव्याचे पहिले अकरा भाग पाणी घातल्यासारखे लागतात. टेलिपाथ, म्हणजे दुसऱ्याचं मन वाचू शकणारा, बायरन याचं प्रकरण भयंकर लांबलंय. तरी गाळू नका, लायटा या दुसऱ्या टेलिपाथचं पुढचं वागणं त्यावाचून कळत नाही. तीन-तीन भाग एका बैठकीत संपवा. उत्तरार्धात सेंटॉरीची कथा पुन्हा उंची गाठते, अठरावा भाग तर मालिकेतल्या सर्वोत्तमांपैकी.

शेवटचा 'स्लीपिंग इन लाइट' चौथ्या सीझनसोबतच चित्रित होऊन राखून ठेवला होता. म्हणूनच पाचव्या सीझनमध्ये नसलेली इव्हानोव्हा त्यात दिसते, गोंधळू नका. 'द रिव्हर ऑफ सोल्स' आणि 'अ कॉल टू आर्म्स' हे टीव्ही-चित्रपट पाहायचे असतील तर या भागाच्या आधी उरकून घ्या, नंतर ते फिके वाटतात. 'क्रुसेड' या पुढच्या मालिकेचे तेरा भाग कथेच्या मध्यातच बंद पडलेले आहेत. अर्धवट गोष्ट चालत असेल तरच हात घाला.