पेरणीआधी प्रार्थना आणि हिशोब एकाच बैठकीत कसे करावेत

विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी वर्षाचे मोठे निर्णय मे महिन्याच्या अखेरीस, अवघ्या दोन-तीन आठवड्यांत घ्यावे लागतात. कपाशी किती एकर आणि तूर किती, बियाणे रोखीने की उधारीने, शेजारचे वावर मक्त्याने, म्हणजे ठरावीक भाड्याने, करावे की नाही, मुलीचे लग्न या हंगामाच्या भरवशावर ठरवावे की थांबावे, हे सारे तेव्हाच ठरते. विश्वासी ख्रिस्ती कुटुंबात या गोष्टींसाठी प्रार्थना होतेच. परंतु पुष्कळदा घरातील कर्ता पुरुष आधी ठरवून मोकळा होतो आणि आशीर्वाद मागण्यासाठी नंतर पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, बोलावले जाते. हा क्रम बदलावा असे मला मनापासून वाटते, आणि तो कसा बदलता येईल ते येथे मांडत आहे.

बैठकीसाठी रविवारची संध्याकाळ निवडावी. घरातील सर्व मोठ्या माणसांनी, म्हणजे म्हातारी आई, पत्नी, कमावती मुले आणि सून यांनीही बसावे. निंदणाला आणि वेचणीला मजूर मिळतील का, हे घरातील बाईला पुरुषापेक्षा अधिक अचूक ठाऊक असते, आणि बचत गटाचा हप्ताही बहुधा तिच्याच नावावर असतो. पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, शेजारी बँकेचे पासबुक, सेवा सहकारी सोसायटीचा उतारा, कृषी केंद्राच्या उधारीच्या चिठ्ठ्या आणि दागिने गहाण असतील तर त्याची पावती ठेवावी. बुरूज बांधू इच्छिणारा माणूस आधी बसून खर्चाचा हिशोब करतो, असे प्रभू येशूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे. तेथे विषय शिष्यत्वाची किंमत मोजण्याचा आहे हे खरे. पण ज्या शहाणपणाचा दाखला प्रभूने दिला, ते शेतकऱ्याने आपल्या वावरात वापरावे, यात मला काहीच वावगे दिसत नाही.

सर्वांत कठीण भाग येथेच येतो. बहुतेक घरांत एखादे कर्ज असे असते, जे एकालाच ठाऊक असते. ते त्या रात्री, प्रार्थनेच्या आधी, सर्वांसमोर सांगावे. ऐकणाऱ्यांनी मध्ये बोलू नये आणि जुने उणेदुणे काढू नयेत. लपवलेला आकडा मनात ठेवून देवाजवळ मार्गदर्शन मागणाऱ्या माणसाला, खरोखर काय मागावे हेच कळत नाही. आमच्या घरी ही कबुली झाली त्या वर्षी आम्ही तीन एकर मक्त्याची जमीन सोडली, आणि त्या रात्री आईने केलेली प्रार्थना मला अजून आठवते.

प्रार्थना लहान असावी आणि प्रत्येकाने आपल्या शब्दांत करावी. ज्याला बुद्धी उणी आहे त्याने ती देवाजवळ मागावी, या याकोबाच्या पत्रातील सल्ल्याने सुरुवात करता येते. त्यानंतर एकच उतारा संपूर्ण वाचावा. डोळे मिटून पान उघडायचे आणि बोट पडेल ते वचन देवाचे उत्तर मानायचे, ही रीत मी तरुणपणी पाळली आणि तिच्या आधारे एकदा कर्जही काढले; ते फेडायला चार हंगाम लागले. मागचा-पुढचा संदर्भ पाहून वचन वाचण्याची शिस्त विदर्भाला परकी नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 मध्ये यवतमाळलाच सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्याला जाईपर्यंत पाळकांना तेथेच शिक्षण देत होती.

कर्जाविषयी शास्त्र स्पष्ट बोलते. ऋण घेणारा ऋण देणाऱ्याचा दास होतो, असे नीतिसूत्रांत आहे. म्हणून कर्ज घ्यायचेच असेल तर व्याज आणि फेडीची तारीख वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. किसान क्रेडिट कार्डावर 3 लाख रुपयांपर्यंतचे पीक कर्ज 7 टक्के दराने मिळते आणि मुदतीत फेडल्यास 3 टक्के सवलतीमुळे ते 4 टक्क्यांवर येते. उधारीच्या खतात मात्र व्याज किमतीतच मिसळलेले असते, म्हणून रोखीचा भाव विचारून फरक काढावा. परवाना नसलेल्या सावकाराकडे जाऊच नये. दुसऱ्याला जामीन राहण्याविरुद्ध नीतिसूत्रांचा सहावा अध्याय इतका स्पष्ट आहे की तो नातेवाइकासमोर वाचून दाखवला तरी चालेल.

दशमांशासाठी, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्यासाठी, उसने पैसे काढू नयेत. पहिल्या वेचणीचा पैसा हाती येताच तो बाजूला ठेवावा.

पुढचे पाऊल सल्ल्याचे आहे. मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, एका अनुभवी वडीलधाऱ्या माणसाला आणि गावच्या कृषी सहायकालाही विचारावे. दोघांची उत्तरे वेगळी आली तर घाबरू नये. पाळकांनी प्रार्थना करावी, वचनाने धीर द्यावा आणि चूक दिसली तर सांगावी. परंतु ‘प्रभूने मला दाखवले, हे वावर घ्या’ असे कोणी म्हटले, तर ते बोलणे आदराने ऐकून पारखून घ्यावे, कारण सर्व गोष्टींची पारख करण्याची आज्ञा मंडळीलाच दिलेली आहे.

पोळ्याचेही त्याच बैठकीत ठरवावे, म्हणजे ऐनवेळी शेजाऱ्यांचे मन दुखावत नाही. आम्ही बैलांचे खांदे शेकतो, त्यांना धुतो, विश्रांती आणि चांगला चारा देतो, कारण नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो. पूजा मात्र करत नाही, आणि हे शेजाऱ्यांना आधीच नम्रपणे सांगतो. घरातील एखादी व्यक्ती अजून विश्वासात नसेल, तर तिच्यावर या बाबतीत जबरदस्ती करू नये.

शेवटी ठरलेले सर्व तारखेसह वहीत लिहावे आणि सर्वांनी खाली सही किंवा अंगठा करावा. मतभेद राहिला, तर त्या रात्री होकार देऊ नये. मक्त्याच्या मालकाकडे आठ दिवस मागावेत. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असे कृषी विभागही सांगतोच, म्हणून एवढी सवड बहुधा असते. त्या आठ दिवसांत रोज संध्याकाळी पुन्हा बसावे, आणि एकदा होकार दिला की दुसरा कोणी वावराचा जास्त भाव सांगो किंवा कमी, दिलेला शब्द फिरवू नये.