ई-कॅडहेरिनची स्लाइड वाचताना या चुका टाळा

ई-कॅडहेरिन म्हणजे शेजारच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं प्रथिन. अन्ननलिकेच्या बायोप्सीवर (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यावर) ते दाखवणारा तपकिरी रंग लावला की नवे निवासी डॉक्टर आधी विचारतात, "पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?" पहिली चूक इथेच होते. रंग आला का, याच्याआधी तो पेशीत कुठे आलाय ते बघायचं.

वाळूवर सुकत घातलेलं रापणीचं जाळं गोव्यात कोणी पाहिलं नाही? अन्ननलिकेच्या निरोगी आवरणाचा (आतल्या अस्तराचा) मधला थर अगदी तसा दिसतो. प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ, आत मोकळं. शेजारच्या पेशींची ई-कॅडहेरिनं कॅल्शियमच्या आधाराने एकमेकांत गुंतलेली असतात आणि आतल्या बाजूने बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन त्यांना पेशीच्या सांगाड्याशी बांधून ठेवतं. बॅरेटच्या आवरणात (ऍसिडच्या माऱ्याने बदलून आतड्यासारखं झालेल्या अस्तरात) ही वीण बहुतेकदा शाबूत असते. डिस्प्लेसियात, म्हणजे पेशी कर्करोगाच्या वाटेवर बिघडू लागल्या की, ती जागोजाग सुटू लागते, आणि कर्करोगात बऱ्याचदा रेघ पुसट होऊन रंग पेशीच्या पोटात पसरतो. स्लाइड लांबून तपकिरीच दिसते! म्हणून मोठ्या भिंगाखाली रेघ तुटक आहे की सलग, ते रिपोर्टात लिहा. बीटा-कॅटेनिनही सोबत लावा. ते रेघ सोडून केंद्रकात शिरलेलं दिसलं, तर पेशीला वाढीचा हुकूम देणारी जनुकं जागी झाल्याची शंका घ्यावी.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. ऐन पावसात काणकोणच्या बाजूने एक तुकडा आला. ग्रंथी फिकट दिसल्या आणि मी 'ई-कॅडहेरिन कमी' असं लिहूनही टाकलं. सही करण्याआधी कडेला नजर गेली. तिथलं निरोगी आवरणसुद्धा तितकंच फिकट! तुकडा पेशी टिकवणाऱ्या फॉर्मेलिनऐवजी सलाइनमध्ये आला होता. पेशंटचं नाव कागदावर समोर होतं, आणि मला घाम फुटला. तेव्हापासून आधी कडेचं निरोगी आवरण बघते, मग आजार. तुकडा काढल्याबरोबर 10 टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, त्याच्या दहापट द्रवात टाकायला सांगा. महिनोन्महिने कापून ठेवलेले सेक्शनही (तुकड्याचे पातळ काप) वापरू नका. आपल्या दमट हवेत तर नकोच. तुकडा बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकमधून ताजा काप घ्या.

रेघ गेली म्हणजे ई-कॅडहेरिन बनवणाऱ्या सीडीएच1 जनुकात बिघाड, असंही धरून चालू नका. तो प्रकार जठराच्या डिफ्यूज (पेशी विखरून पसरणाऱ्या) कर्करोगात जास्त. अन्ननलिकेत बऱ्याचदा जनुक धड असतं, फक्त गप्प केलेलं असतं.

आणि सूज! ऍसिडने सोललेल्या, दाह झालेल्या आवरणातही रेघ फिकी पडते. डिस्प्लेसिया ठरवायचा तो नेहमीच्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगाच्या) स्लाइडवर, ई-कॅडहेरिनवरून नाही. शंका राहिली तर 'अनिश्चित' लिहा आणि एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावा: ऍसिडची औषधं नीट चालू करून 3 ते 6 महिन्यांत पुन्हा तुकडे घ्यायला सांगा.